पंधरा वर्षांच्या बाइकवर पैसे आधी कुठे घालायचे?

जुनी बाइक गॅरेजमध्ये नेली की बोलणं बहुतेक वेळा इंजिनावरच येतं. पिकअप पडलाय, अ‍ॅव्हरेज देत नाही, टॅपेट वाजतात, धूर मारते. मालकाचं लक्ष तिथेच आणि मेकॅनिकचंही तिथेच, कारण मोठं बिल तिथूनच निघतं. पण शंभर-दीडशे सीसीची जुनी गाडी इंजिनामुळे माणसाला क्वचितच पाडते. फार तर रस्त्यात बंद पडते आणि घाम काढत ढकलायला लावते. पाडतात ते कडक झालेले टायर, झिजलेले ब्रेक शू, खड्ड्यांनी वाट लावलेला हँडलचा कोन सेट आणि मिणमिणता हेडलाइट. म्हणून इथे क्रम उलटा घेतलाय: आधी गाडी थांबवणाऱ्या आणि सरळ ठेवणाऱ्या गोष्टी, मग इंजिन, मग अंगावरचं हेल्मेट-जॅकेट. लिहिताना हेल्मेट शेवटी आलं असलं, तरी पैसे वाटताना ते ब्रेकच्या बरोबरीने धरा.

जुनी म्हणजे कुठली गाडी? १९९४ साली आलेली स्प्लेंडर, १९९६ पर्यंत निघालेली आरएक्स १००, उजव्या पायाने गिअर टाकायची कास्ट आयर्न बुलेट, २००१ नंतरच्या सुरुवातीच्या पल्सर. यातल्या एकीलाही एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात लागला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या दुचाकीला ते सक्तीचं झालं. त्या नियमात १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना त्याऐवजी दोन्ही ब्रेक एकत्र लागणाऱ्या सीबीएसची मुभा होती. त्याआधीच्या गाडीवर चाक जाम होऊ न देण्याचं काम तुमच्या बोटांचं आणि पायाचं. त्यामुळे टायर आणि ब्रेक यांत जराही कसर ठेवायची सोय नाही.

टायरपासून सुरू करू. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. जुनी गाडी कमी चालते, नक्षी शाबूत दिसते आणि माणूस तिथेच फसतो. रबर वापरून झिजतं तसं नुसतं पडूनही कडक होतं. नक्षीच्या खाचांत आणि बाजूला बारीक भेगा दिसल्या, नख रुतत नसलं, तर नक्षी कितीही खोल असो, पहिल्या पावसात तो टायर पकड देणार नाही. टायर बदलताना ट्यूब आणि आऱ्यांवरची रबरी पट्टीही बदलून घ्या, दोन्ही मिळून फार पैसे जात नाहीत. चाक उघडं असतानाच प्रत्येक आऱ्यावर पान्याने हलकं टकटक करा. ताणलेला आरा टणकन वाजतो, ढिला बद्द वाजतो. आवाजातला फरक कुणालाही कळतो.

आता ड्रम ब्रेक. इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त फसवाफसवी इथेच होते, आणि तीही कुणाच्या मनात पाप नसताना. मागच्या ड्रमच्या बाहेर एक छोटी दांडी असते. पायाने ब्रेक दाबला की रॉड तिला ओढतो, ती आतला कॅम फिरवते, कॅम दोन्ही शू ड्रमवर दाबतो. शू झिजले की ब्रेक खोल जातो. मग रॉडच्या टोकाचा नट चार आटे फिरवला की ब्रेक पुन्हा वर येतो. ‘ब्रेक टाइट करून दिला’ म्हणतात ते एवढंच. पण दर वेळी दांडी थोडी पुढे सरकत जाते. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना दांडी आणि रॉड यांच्यात साधारण काटकोन असायला हवा, कारण त्या कोनात तुमच्या पायाचा जोर पुरेपूर लागतो. दांडी त्यापुढे झुकली की तेवढ्याच जोराला ब्रेक कमी लागतो. बऱ्याच गाड्यांवर दांडीपाशी एक बाण आणि ड्रमच्या झाकणावर खूण असते. ब्रेक दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोचला की शू संपले. काही ठिकाणी शू न बदलता दांडीच काढून एक दात मागे बसवून देतात. ब्रेक नव्यासारखा वर येतो आणि शूची फक्त पट्टी उरलेली असते. हे कधीच चालवून घेऊ नका. कॅम गरजेपेक्षा जास्त फिरला तर अडकून चाक जाम होऊ शकतं.

शू बदलताना आतली काळी भुकटी तोंडाने फुंकायची नाही. जुन्या शूंमध्ये फुप्फुसांना घातक अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसायची. कॅमच्या दांड्याला ग्रीसचं बोट फिरवायचं, पण तेही जपून, शूला लागलं तर शू वाया. आणि पावसात ड्रममध्ये पाणी गेलं की पहिला ब्रेक जवळजवळ लागतच नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलका दाबून थोडं अंतर चालवा, घर्षणाच्या उष्णतेने शू वाळतात.

‘पुढचा ब्रेक लावला की माणूस पालथा पडतो’ हे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगितलं गेलंय. गाडी थांबताना वजन पुढे येतं, पुढचं चाक रस्त्याला जास्त दाबलं जातं, म्हणून थांबवण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. तो एकदम आवळला तर पाडतो. हळूहळू वाढवत दाबला तर वाचवतो. त्यामुळे पुढच्या ब्रेकची केबल आतून सुकी आणि तुटके धागे असलेली ठेवू नका. पुढे डिस्क असेल तर ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. ते हवेतली ओल शोषतं, आणि लांबलचक घाट उतरताना तापून त्यातल्या पाण्याची वाफ झाली की लिव्हर पोकळ होतो.

कोन सेट म्हणजे हँडलच्या मानेतले छर्रे आणि वाट्या. गाडी मेन स्टँडवर घ्या, कुणाला तरी मागून दाबायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचलेल, आणि हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे न्या. बरोबर मधोमध खाच लागल्यासारखं अडलं, तर वाट्यांना खड्डे पडलेत. वर्षानुवर्षं सरळ जाताना खड्ड्यांचे हिसके तिथेच बसतात. अशी गाडी सरळ रेषेत राहत नाही, सतत हँडलने सावरावी लागते आणि वेगात हँडल डुलतं. नट आवळून हे जात नाही, सेट बदलावा लागतो. मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवलं आणि खडखडलं, तर मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे (स्विंगआर्मचे) बुश गेलेत किंवा चाकाचे बेअरिंग.

चेनबद्दल दोनच गोष्टी. चाक पूर्ण एक फेरी फिरवून जिथे चेन सर्वांत ताठ लागते तिथे ढील मोजायची. खालच्या पट्ट्याच्या मधोमध बोटाने वर-खाली करून साधारण २५ ते ३० मिलिमीटर, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात. आणि चेन-स्प्रॉकेट नेहमी पूर्ण संच बदलायचा, कारण झिजलेले दात नवी चेन काही महिन्यांत खातात.

हेडलाइटला मात्र लगेच एलईडी बल्ब लावायची घाई करू नका. जुन्या शंभर सीसी गाड्यांत हेडलाइट थेट इंजिनच्या विजेवर चालतो, म्हणून सिग्नलला मंदावतो. तो दोष नाही. आधी काळवंडलेला रिफ्लेक्टर बदला, अर्थिंगचा गंज घासा, होल्डरचे पॉइंट साफ करा. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी घातला की उजेड सगळीकडे फाकतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि तुमचा रस्ता तसाच अंधारा राहतो. तसंही १५ वर्षांनंतर आरसीच्या नूतनीकरणासाठी, आणि पुढे दर पाच वर्षांनी, गाडी आरटीओत दाखवावी लागते. महाराष्ट्रात तेव्हा पर्यावरण करही भरावा लागतो. लाइट, हॉर्न, ब्रेक तिथे बघतात.

इंजिनाचं आता बोलू

‘टॅपेटचा आवाज काढून द्या’ ही जुन्या फोर-स्ट्रोक गाडीच्या मालकाची सर्वांत घातक फर्माईश. व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यात कागदाएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण इंजिन तापलं की धातू वाढतो आणि ती फट भरून निघते. गिऱ्हाइकाला आवाज नको म्हणून मेकॅनिकने फट बंदच केली, तर गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता तो जागेवर टेकतो तेव्हाच हेडमध्ये जाते. टेकलाच नाही तर त्याची कड जळते, कॉम्प्रेशन जातं आणि हेड उघडायची वेळ येते. हलकी टिकटिक चालेल. शांत पण कुंथणारी गाडी नको. सेटिंग रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालूनच करून घ्या. ‘हाताला अंदाज आहे’ असं कुणी म्हणालं तर मी तरी दुसरं गॅरेज बघतो.

धुराचं निदान स्वतःला करता येतं. सकाळी पहिल्या किकला निळसर धूर येऊन मिनिटभरात गेला, तर व्हॉल्व्हचे सील म्हातारे झालेत. रात्रभर तेल आत झिरपतं. थ्रॉटल देताना सतत निळा धूर येत असेल तर रिंग-पिस्टन बघावे लागतील. पहिल्या दुखण्यासाठी दुसऱ्याचं बिल देऊ नका. पिस्टन ०.२५, ०.५० मिलिमीटर अशा ओव्हरसाइज मापांत मिळतात आणि सिलिंडर त्या मापाला बोअर करतात, म्हणजे प्रत्येक बोअरिंग आयुष्यातली एक पायरी खर्च करतं.

तेल घेताना डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाइकच्या तेलाचं जपानी मानक) लिहिलंय का बघा. बहुतेक बाइकांचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो. कारच्या काही तेलांत घर्षण कमी करणारे घटक असतात, त्याने क्लच प्लेट घसरतात. कोणता ग्रेड ते गाडीच्या पुस्तकाप्रमाणे. तेल महागडं असण्यापेक्षा वेळेवर बदललेलं असणं जुन्या इंजिनाला जास्त मानवतं.

पेट्रोलचा प्रश्न मात्र खरोखर नवा आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्या २० टक्के इथेनॉल धरून बनवलेल्या आहेत. तुमची नाही, आणि पंपावर आता तेच पेट्रोल मिळतं. इथेनॉलमधून लिटरमागे मिळणारी ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं पडतं. त्यासाठी कार्बोरेटर पुन्हा पुन्हा उघडू नका. खरा त्रास दोन ठिकाणी होतो. जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही, तेव्हा पेट्रोल पाइप, ओ-रिंग आणि फ्लोट नीडल एकदा नवीन घालून घ्या. दुसरं, इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहिली की ते पाणी टाकीच्या आणि कार्बोरेटरच्या तळाशी बसून गंज आणि कार्बोरेटरची बारीक छिद्रं (जेट) बंद करण्याचं काम करतं. पावसाळ्यात गाडी ठेवून देणार असाल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरखालचा स्क्रू सोडा आणि त्याची वाटी रिकामी करा. कोकणात तर हे हमखास.

स्पेअरसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुना पार्ट हातात घेऊन जा, नुसतं गाडीचं नाव सांगून वर्षावर्षातले फरक कळत नाहीत. साइड पॅनेल, आरसा, सीट कव्हर लोकल चालतं. ब्रेक शू, केबल, बेअरिंग आणि चेन सेट यांत ‘फर्स्ट कॉपी’ हा शब्द ऐकला की दुकान बदला.

अंगावर काय घालायचं

सुरक्षित कपड्यांबद्दल माझं मत एवढंच आहे की जे जॅकेट कपाटात राहतं त्याचा दर्जा शून्य. म्हणून अंगाला सोसणं ही चैन समजू नका, खरेदीची पहिली अट ती आहे.

हेल्मेटच्या आत जो पांढरा थर असतो ते थर्माकोलच, टीव्हीच्या खोक्यात असतं त्याच जातीचं. डोकं आदळताना ते चिरडतं आणि डोक्याला थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात. चिरडलेलं पुन्हा फुगत नाही, म्हणून पडून आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी बाद. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला बंदी आहे, मात्र रस्त्याकडेला चिन्हाचं स्टिकरही मिळतं. आयएस ४१५१ या आकड्यासोबत परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघता येतो. चांगलं हेल्मेट परदेशीच असावं लागतं असं नाही. वेगासारखी कंपनी तर आपल्या बेळगावची.

माप टेपने घ्या, भुवयांच्या वर, डोक्याच्या सर्वांत मोठ्या घेरावर. मग दुकानात घालून पंधरा मिनिटं बसा, दुकानदार कितीही बघू दे. नवं हेल्मेट गालांना घट्ट दाबलं पाहिजे; गालाच्या गाद्या महिनाभरात बसतात. कपाळावर एकाच जागी दुखायला लागलं तर तो आकार तुमच्या डोक्याचा नाही, मोठा नंबर घेऊन तो प्रश्न सुटत नाही. पट्टा लावून मागची कड धरून वर-पुढे ओढा. निघालं तर ठेवून द्या. चष्मेवाल्यांनी चष्म्यासकट घालून बघावं. गाद्या काढून धुता येतात का, हे आपल्या हवेत विचारायलाच हवं. घामट वासामुळे हेल्मेट सोडलेले लोक मला माहीत आहेत.

जॅकेट घेताना दोन वेगळ्या गोष्टी बघायच्या: आपटण्यापासून वाचवणारी पॅडं आणि घासण्यापासून वाचवणारं कापड. खांदा-कोपर-गुडघ्याच्या पॅडावर ईएन १६२१-१ हे युरोपियन मानक आणि १ किंवा २ असा स्तर छापलेला असतो. चाचणीत ठरावीक जोराने वजन आपटून पॅडाखाली किती बळ पोचतं ते मोजतात. पहिल्या स्तराला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, दुसऱ्याला २०. पाठीसाठी ईएन १६२१-२, तिथे हेच आकडे १८ आणि ९. पुष्कळ जॅकेटांत पाठीला नुसता फोमचा तुकडा घालून ठेवलेला असतो, तो चाचणी केलेल्या पॅडने बदला. कापडाला ए, एए, एएए असे दर्जे आहेत. एएए सर्वांत दणकट, पण जड आणि गरम. शहरात शंभर सीसीवर फिरणाऱ्याने एए मिळालं तर उत्तम, नाहीतर नीट बसणारं ए रोज घालावं.

नीट बसणं म्हणजे काय ते गाडीवर बसूनच कळतं. उभं राहून आरशात बघू नका. हँडल धरल्यासारखे हात पुढे करा आणि दुसऱ्या हाताने कोपराचं पॅड फिरवा. ते बाजूला सरकलं तर पडताना आधी तेच सरकणार. गुडघ्याचं पॅड उभं असताना खाली आल्यासारखं वाटतं, बसल्यावर जागेवर येतं.

उन्हाचं गणित सगळ्या महाराष्ट्राला एकच नाही. कोकणात, मुंबईत दमट हवा. तिथे जाळीचं मेश जॅकेट बरोबर, चालती हवा घाम वाळवते. पण मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ वर असताना अंगावर येणारा वारा त्वचेपेक्षा गरम असतो. तो गारवा आणत नाही, उलट उष्णता देतो आणि घाम सांडण्याआधीच उडवतो, म्हणून पाणी किती गेलं ते कळत नाही. अशा वेळी आत ओला सुती टीशर्ट, वरून जॅकेटच्या झिपा बऱ्याचशा बंद ठेवून थोडीच हवा आत घेतली, तर ओलावा तासभर टिकतो. विदर्भातली माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळून बाहेर पडतात त्यामागे हाच हिशोब आहे. फक्त हेल्मेटच्या आत जाड गुंडाळी नको, पातळ बालाक्लाव्हा (डोकं आणि मान झाकणारी टोपी) घाला, नाहीतर हेल्मेट वर उचललं जातं.

पावसासाठी जॅकेटच्या आत लावायचा वॉटरप्रूफ थर देतात. आपल्या घाटातल्या पावसात तो मला पटत नाही. आतला माणूस कोरडा राहतो, पण बाहेरचं जॅकेट चिंब होऊन जड होतं, वाऱ्याने गार पडतं आणि दोन दिवस वाळत नाही. जॅकेटवरून चढवायचा मोठ्या मापाचा रेनसूट बरा, भडक रंगाचा. लांब पोंचो मात्र नको, तो वाऱ्याने फुगतो आणि चाकात जातो.

हातमोजे घेताना तळव्यावर, मनगटाजवळच्या उंचवट्यावर दुहेरी थर किंवा कडक तुकडा आहे ना बघा. पडताना हात तिथेच टेकतो. मनगटाचा पट्टा आवळून हातमोजा ओढून बघायचा, निघता कामा नये. जुन्या गाडीवर हाताला मुंग्या येतात म्हणून लोक जेलचे मोजे शोधतात. आधी इंजिन माउंटिंगचे बोल्ट आवळून बघा. बऱ्याचदा मुंग्या तिथूनच येत असतात.

बुटांत जुन्या गाड्यांची एक खास अडचण आहे. आपल्या बहुतेक गाड्यांना टाच-बोट असा दुहेरी गिअर लिव्हर असतो आणि परदेशी पद्धतीचा जाड रायडिंग बूट त्या दोघांच्या मध्ये मावतच नाही. गिअर वर टाकताना अडकतो, सिग्नलला पाय पटकन सुटत नाही. म्हणून बूट घ्यायला गाडी घेऊनच जा. घोटा झाकणारा, पातळ पण कडक तळव्याचा, नाड्या आत खोचता येतील असा हवा. किक मारायची गाडी असेल तर त्याची दुहेरी गरज. कास्ट आयर्न बुलेटला अ‍ॅमीटरचा काटा मध्ये आणून, डीकॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबून, पिस्टन टोकाच्या जरासा पुढे घेऊन मगच किक मारतात. ते चुकलं की किक उलटी येते आणि चप्पल घातलेला घोटा त्यात सापडतो.

मागे बसणाऱ्यालाही हेच सगळं लागू, कायद्याने हेल्मेट तर दोघांनाही आहे. गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून काढून टाकलेला साडी गार्ड परत बसवून घ्या. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकलेला असणं आणि मागच्याला धरायला जागा असणं मोटार वाहन नियमांत सांगितलंय, आणि ओढणी किंवा पदर आऱ्यांत गेला तर पंधरा हजारांचं जॅकेटही तिथे काही करू शकत नाही.